किती सेकंद लागले, आणि ते कुठे गेले?

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. टाइम्ड अप अँड गो, म्हणजे टीयूजी या चाचणीत एवढंच असतं. समजा दोघांना यासाठी प्रत्येकी २० सेकंद लागले. पहिल्याला चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला आणि डावी बाजू लुळी पडली. त्याचे सहा सेकंद उठण्यातच गेले, कारण सगळा भार तो उजव्या पायावर घेतो. वळतानाही त्याने सात-आठ बारीक पावलं टाकली. दुसरीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, ज्याला सगळे एमएसच म्हणतात. ती झटकन उठली, पण पाय फाकवून, हेलकावे खात चालली आणि वळणावर भिंतीला हात लावून थांबली. नोंदवहीत दोघांपुढे आकडा एकच. व्यायाम मात्र एकाचा दुसऱ्याला दिला तर फारसा उपयोग नाही.

स्टॉपवॉच किती वेळ गेला ते सांगतं. तो कुठे गेला हे डोळ्यांनी बघावं लागतं. आणि कोणत्या परिस्थितीत मोजला हे शेजारी लिहिलं नसेल, तर तीन महिन्यांनी तो आकडा कशाशी ताडून बघायचा हेच कळत नाही. तोल आणि चालीच्या तपासणीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच.

तोल जातो म्हणजे नेमकं काय जातं

आपण स्वस्थ उभे असतो तेव्हाही शरीर किंचित झुलत असतं आणि मेंदू ते सतत सावरत असतो. त्यासाठी त्याला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतल्या कानातला तोलाचा अवयव, आणि तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव. या खबरा जुळवायच्या, त्यात विसंगती असेल तर कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायचं, आणि मग पायांना व धडाला हुकूम सोडायचा. या सगळ्यातली कुठलीही कडी तुटली तरी बाहेरून दिसतं ते एकच, माणूस डगमगतो.

स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटतो, किंवा तिथे रक्तस्राव होतो. त्यामुळे बहुतेक वेळा शरीराची एकच बाजू अडते: ताकद कमी, स्नायू ताठ, जाणीव बोथट. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. आज सकाळी आणि उद्या सकाळी तपासलं तर साधारण सारखंच चित्र दिसतं. लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात स्ट्रोक झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ताकद बरी असूनही तोल पार गेलेला असू शकतो.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. वायरीवरचं प्लास्टिक जागोजागी सोललं जावं तसं. डाग विखुरलेले, म्हणून तक्रारीही विखुरलेल्या: एका पायात ताठरपणा, दुसऱ्या तळव्याला बधिरपणा, नजर धूसर, वळताना भोवळ. त्यात भर म्हणजे हे सगळं दिवसाच्या वेळेनुसार बदलतं. सोललेल्या नसांमधून संदेश आधीच रेंगाळत जातो, आणि अंगाचं तापमान थोडं वाढलं तरी तो आणखी अडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर नजर तात्पुरती मंदावल्याचं नोंदवलं होतं, त्यावरून याला उथॉफची घटना म्हणतात. थंडावा मिळाला की ते ओसरतं. पण चाचणी नेमकी गरम खोलीत, जिना चढून आल्यावर लगेच घेतली, तर आजार वाढल्याचा गैरसमज होऊ शकतो.

स्टॉपवॉच काढण्याआधी

आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब घ्यावा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डगमगण्याचं एक कारण तिथेच सापडलं. तोलाचे व्यायाम त्यावर उतारा नाहीत. मग पायात काय आहे ते बघा. सैल चप्पल आणि पट्टीचा बूट यांत कितीतरी सेकंदांचा फरक पडतो. चष्मा लावलाय का, ताठरपणाची गोळी कधी घेतली, झोप झाली का, हेही विचारून घ्यावं. बॅक्लोफेनसारख्या औषधाने ताठरपणा उतरतो, पण काही जणांचा पाय त्या ताठरपणाच्याच आधारावर उभा असतो. तो उतरला की गुडघा लचकतो.

कमरेला रुंद पट्टा बांधून तपासणाऱ्याने अशक्त बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. हात पट्ट्याजवळ तयार, पण पट्टा ओढून धरलेला नको. नकळत दिलेला तेवढा आधारही गुण वाढवतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पडताना लुळ्या हाताला धरून कधीही सावरू नये. स्ट्रोकनंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात आणि त्या एका हिसक्याने सांधा निखळू शकतो किंवा महिनोन्‌महिने दुखत राहू शकतो.

चाचण्यांचा क्रमही ठरवून घ्यावा. एमएसमध्ये सहा मिनिटांची चाल आधी घेतली तर पुढच्या सगळ्या आकड्यांत थकवा मिसळतो. म्हणून छोट्या चाचण्या आधी, लांबची शेवटी, आणि पुढच्या वेळी हाच क्रम.

बसण्यापासून सुरुवात

स्ट्रोकच्या पहिल्या दिवसांत चालीचा विचार नंतर, आधी पलंगाच्या कडेला बसता येतं का ते बघतात. पाय जमिनीला टेकलेले, पाठीला टेका नाही, हात मांडीवर. नुसतं बसणं जमलं की एका बाजूला कोपर गादीला टेकवून परत सरळ व्हायला सांगतात. अशक्त बाजूला गेल्यावर परत येताना धड आखडतं का, की हाताने ढकलून वर येतो? ट्रंक इम्पेअरमेंट स्केल याच हालचालींना २३ पैकी गुण देतं. पासस्केल, म्हणजे पोश्चरल असेसमेंट स्केल फॉर स्ट्रोक, त्यात १२ कृती आणि ३६ गुण असतात. कूस बदलण्यापासून सुरुवात असल्यामुळे अगदी अशक्त माणसालाही त्यात काही ना काही गुण मिळतात. पहिल्याच आठवड्यात उभ्याने करायची चाचणी लावली, तर शून्यापुढे शून्य मांडण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

इथे एक प्रकार ओळखता आला पाहिजे. साधा अशक्त रुग्ण लुळ्या बाजूला कलला तर घाबरून चांगल्या हाताने पलंग पकडतो, आणि आपण सरळ केलं की त्याला बरं वाटतं. पण काही जण चांगल्याच हातापायाने स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलतात, आणि सरळ करू गेलं तर जोराने विरोध करतात. याला पुशर वर्तन म्हणतात. सरळ असणं म्हणजे काय, याची त्यांच्या शरीराची जाणीवच कललेली असते. डोळ्यांना मात्र दाराची चौकट उभी आहे हे नीट दिसतं, म्हणून त्यांना चौकटीकडे बघून स्वतःला सरळ करायला शिकवतात. अशा माणसाला हट्टी समजून जबरदस्तीने सरळ करणं ही घरच्यांकडून आणि कधी कधी नव्या फिजिओथेरपिस्टकडूनही होणारी चूक आहे.

उभं राहिल्यावर: कोणती खबर तुटली आहे?

सीटीसिब या चाचणीचं छोटं रूप चार टप्प्यांचं आहे: कडक जमिनीवर डोळे उघडे, तिथेच डोळे बंद, मग जाड फोमवर डोळे उघडे, शेवटी फोमवर डोळे बंद. प्रत्येकी ३० सेकंद. फोममुळे तळपायांची खबर बिनभरवशाची होते आणि डोळे मिटले की नजरेची थांबते. चौथ्या टप्प्यात उरतो तो मुख्यतः आतला कान. त्या एकाच टप्प्यात माणूस कोलमडला, तर बोट कानाच्या तोलयंत्रणेकडे जातं. कडक जमिनीवरच डोळे मिटताक्षणी तोल गेला, तर तळपायांची जाणीव कमी असल्याचा संशय घ्यावा. असा माणूस अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की पडतो. डोळे उघडे असोत की बंद, चारही टप्प्यांत हेलकावे असतील, तर लहान मेंदूचा विचार करावा लागतो. एमएसमध्ये दोन-तीन कारणं एकत्र असतात, म्हणून या निकालाकडे निदान म्हणून न बघता पुढचा प्रश्न विचारायची दिशा म्हणून बघावं. फोम मात्र दर वेळी तोच वापरावा. नरम पडलेला जुना फोम आणि नवा कोरा फोम या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

तोलाच्या चाचण्यांमध्ये सगळ्यात रुळलेली म्हणजे बर्ग बॅलन्स स्केल. कॅथरिन बर्ग आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये मांडली. १४ कृती, प्रत्येकीला शून्य ते चार गुण, एकूण ५६. वेळ १५ ते २० मिनिटं. आधाराशिवाय दोन मिनिटं उभं राहणं, डोळे मिटून दहा सेकंद उभं राहणं, हात समोर धरून पाय न उचलता पुढे वाकणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, मागे वळून बघणं, जागच्या जागी पूर्ण गिरकी घेणं, स्टुलावर आलटून पालटून आठ वेळा पाऊल ठेवणं, एका पायावर उभं राहणं, असे प्रकार त्यात येतात. पूर्ण चार गुण मिळवायचे तर गिरकी दोन्ही बाजूंनी प्रत्येकी चार सेकंदांत व्हावी लागते, पुढे वाकताना हात २५ सेंटीमीटरहून जास्त पोचावा लागतो, आणि एका पायावर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ टिकावं लागतं.

गुण देताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एक पाऊल पुढे, एक मागे अशा कृतीत कोणता पाय पुढे ठेवायचा हे रुग्णाने निवडायचं असतं. तपासणारा आपणच ‘डावा पुढे घ्या’ म्हणतो आणि गुण उगाच कमी होतात. पुढे वाकण्याच्या कृतीत स्ट्रोकचा रुग्ण धड फिरवून चांगला खांदा पुढे काढतो आणि हात लांब पोचल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात शरीराचा भार जागचा हललेलाच नसतो. मोजपट्टी भिंतीवर खांद्याच्या उंचीला लावलेली असावी आणि बघताना टाचांकडे व खुब्याकडेही बघावं.

४५ च्या खाली गुण म्हणजे पडण्याचा धोका जास्त, असा जुना ठोकताळा आहे. तो कामाचा आहे, पण ४४ आणि ४६ मध्ये काही दरी नाही. गुण जसे कमी तसा धोका वाढत जातो, एवढंच खरं. ५० गुणांचा माणूसही पडतो, कारण बर्गमध्ये चालणं नाहीच, आणि अचानक धक्का बसल्यावर पाऊल टाकून सावरता येतं का, हेही नाही. नुकता एमएस झालेला, कामावर जाणारा माणूस इथे ५५ गुण मिळवतो आणि तरी गर्दीत धडपडतो. अशांसाठी मिनी-बेस्टेस्ट जास्त उपयोगी पडते. तीही १४ कृतींची, पण २८ गुणांची. तीत रुग्ण तपासणाऱ्याच्या हातांवर झुकतो आणि हात अचानक काढून घेतले जातात. एका पावलात सावरला, दोन-तीन लागली, की पडायलाच निघाला, यावर गुण. शिवाय मान वळवत चालणं, अडथळा ओलांडणं आणि बोलत-मोजत टीयूजी करणंही त्यात आहे.

चालीचा वेग: दहा मीटर आणि पंचवीस फूट

कोणत्या अवस्थेत काय मोजायचं ते ठरवण्यासाठी आधी फंक्शनल ॲम्ब्युलेशन कॅटेगरीची शून्य ते पाच ही साधी शिडी बघावी. दोन माणसं धरून लागतात, एकाचा सतत आधार लागतो, नुसता स्पर्श पुरतो, कोणी जवळ उभं असलं की झालं, सपाट जागेवर एकट्याने जमतं, जिना-उतारावरही जमतं. खालच्या पायऱ्यांवर असलेल्या माणसाचे सेकंद मोजण्यापेक्षा तो शिडीवर कुठे आहे तेच लिहावं.

दहा मीटरच्या चाचणीसाठी सरळ, मोकळा रस्ता हवा. जमिनीवर शून्य, दोन, आठ आणि दहा मीटरवर चिकटपट्टीच्या खुणा करा. माणूस शून्यापासून निघतो आणि दहापर्यंत चालतो, पण वेळ मोजायची ती मधल्या सहा मीटरची. पुढच्या पायाची बोटं दोनची खूण ओलांडताना घड्याळ चालू, आठची ओलांडताना बंद. पहिले दोन मीटर वेग पकडायला आणि शेवटचे दोन थांबायला सोडलेले असतात. सहाला सेकंदांनी भागा: १२ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर. एकदा नेहमीच्या चालीने आणि एकदा जमेल तेवढ्या भरभर. या दोन वेगांमधलं अंतर म्हणजे माणसाची शिल्लक. रस्ता ओलांडताना लागते ती तीच.

तपासणाऱ्याने शेजारून किंवा पुढे चालायचं नाही. माणूस नकळत त्याच्या पावलाशी पाऊल जुळवतो. किंचित मागे राहायचं. दहाच्या खुणेवर ‘थांबा’ म्हणू नये, पुढे एखादी खुर्ची किंवा दार दाखवून ‘तिथपर्यंत चला’ म्हणावं, नाहीतर आठच्या आधीच पाय मंदावतात. आणि बटण दाबण्यातली चूक सगळ्यांच्या बाबतीत सारखी नसते. १५ सेकंद घेणाऱ्याच्या वेळेत अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर वेग ०.४० चा ०.३९ होतो. चार सेकंद घेणाऱ्याच्या बाबतीत तीच चूक १.५ चा १.३३ करते. चाल जितकी वेगवान, तितकं मोजणं काटेकोर हवं, निदान तीन फेऱ्यांची सरासरी तरी.

स्ट्रोकनंतरच्या चालीसाठी जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेले टप्पे अजून वापरतात: सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली म्हणजे घरापुरतं चालणं, ०.४ ते ०.८ म्हणजे बाहेर मर्यादित, ०.८ च्या वर म्हणजे बाहेर मोकळेपणाने. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या महिन्यांत वेगात साधारण ०.१६ ची वाढ झाली, तर रोजच्या जगण्यातही फरक जाणवतो असं मानतात.

एमएसमध्ये त्याऐवजी २५ फुटांची चाल जास्त चालते. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर. इथे माणूस रेषेवर स्थिर उभा असतो, सुरक्षित राहून जमेल तेवढ्या वेगाने जातो, लगेच तेवढंच अंतर परत येतो आणि दोन्ही वेळांची सरासरी घेतात. आधीच्या वेळेच्या तुलनेत २० टक्के फरक पडला तर तो खरा बदल धरतात. म्हणजे सहा सेकंदांवरून ७.२ च्या पुढे गेलं की लक्ष द्यायचं. या चाचणीत सुरुवात जागेवरून आणि दहा मीटरच्या चाचणीत आधीच पकडलेल्या वेगातून, म्हणून दोन्हींचे वेग शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नये. हे वाचायला उघड वाटतं, तरी फायलींमध्ये वारंवार दिसतं.

सहा मिनिटं

सहा सेकंदांत जे लपतं ते सहा मिनिटांत बाहेर येतं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत ३० मीटरचा सरळ मार्ग, दोन टोकांना शंकू, आणि सहा मिनिटांत जमेल तेवढं अंतर असं आहे. थांबलं, टेकून उभं राहिलं तरी चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. मार्ग १५ मीटरचा असेल तर वळणं दुप्पट होतात. स्ट्रोकच्या रुग्णाला प्रत्येक वळण महाग पडतं, त्यामुळे एकूण अंतर घटतं. मार्गाची लांबी आकड्याशेजारी लिहायची ती यासाठी. दर मिनिटाला ठरलेली, सपाट आवाजातली वाक्यंच बोलायची. ‘शाब्बास, अजून थोडं, जोरात!’ असं कोणी ओरडलं की अंतर वाढतं, आणि पुढच्या वेळी ओरडणारा सुट्टीवर असतो.

गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा छातीत अस्थिर स्वरूपाचं दुखणं असेल तर ही चाचणी घेत नाहीत. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. चालताना छातीत दुखलं, दम असह्य झाला, चेहरा पांढरा पडला किंवा घाम फुटला, तर लगेच थांबवायचं.

एमएसमध्ये एकूण अंतरापेक्षा दर मिनिटाचं अंतर मोलाचं असतं. पहिल्या मिनिटात ६० मीटर आणि सहाव्यात ४८, म्हणजे २० टक्के घट. १० ते १५ टक्क्यांच्या पुढची घट चालण्याने येणाऱ्या थकव्याकडे बोट दाखवते. कानही उघडे ठेवावेत. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चवडा जमिनीवर आपटल्याचा किंवा बोटं घासल्याचा आवाज सुरू होतो. तपासणीच्या टेबलावर याच घोट्याची ताकद पूर्ण भरलेली असते, आणि रुग्णाच्या ‘बाजारातून परत येताना पाय ओढतो’ या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवलेला नसतो.

एमएसमुळे किती अपंगत्व आलं हे मोजायला न्यूरॉलॉजिस्ट वापरतात त्या ईडीएसएस मापातही मधले टप्पे चालण्याच्या अंतरावरच उभे आहेत. शून्य ते दहा, अर्ध्या-अर्ध्या पायऱ्या. आधाराशिवाय न थांबता ५०० मीटर म्हणजे ४, २०० मीटर म्हणजे ५, एका काठीने १०० मीटर म्हणजे ६, दोन्ही हातांना आधार घेऊन २० मीटर म्हणजे ६.५. हे अंतर अनेकदा नुसतं विचारून लिहिलं जातं, आणि आपण किती चालतो याचा माणसांचा अंदाज मोठ्या प्रमाणात चुकतो. शक्य तिथे प्रत्यक्ष चालवून बघावं.

आकडा नाही, चाल बघा

मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घ्या, परवानगी विचारून: एक बाजूने, एक मागून. कॅमेरा कमरेच्या उंचीला, गुडघे आणि घोटे उघडे दिसतील असे कपडे.

स्ट्रोकनंतर पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून टाकणं सगळ्यांना ओळखू येतं. पण ते कशामुळे? पाय पुढे आणताना तो जमिनीला लागू नये म्हणून आखूड करावा लागतो: खुबा वाकवून, गुडघा वाकवून आणि चवडा वर उचलून. यातलं एक जरी जमलं नाही तरी पाय लांब पडतो, आणि माणूस कंबर उचलून किंवा पाय फिरवून वाट काढतो. चवडा उचलणारे स्नायू दुबळे असतील तर घोट्याचा पट्टा, म्हणजे एएफओ, लगेच फरक दाखवतो. पोटरी आखडलेली असेल तर पट्टा घातला तरी टाच त्यातून वर निसटते. गुडघा ताठ राहत असेल तर पट्ट्याने फारसं काही होणार नाही, कारण अडचण मांडीच्या पुढच्या स्नायूत आहे. म्हणून चाल पट्ट्यासह आणि पट्ट्याशिवाय, दोन्ही बघावी.

भार घेताना गुडघा झटक्याने मागे जाऊन अडकतो, तो प्रकारही असाच. पोटरी आखडल्यामुळे नडगी पुढे सरकत नाही, किंवा मांडी दुबळी म्हणून माणूस गुडघा मुद्दाम मागे लॉक करतो, किंवा गुडघा कुठे आहे हे त्याला जाणवतच नाही. तिन्हींचे उपाय वेगळे. टेबलावर घोटा हाताने वाकवून बघितला, मांडीची ताकद तपासली, आणि डोळे मिटवून ‘अंगठा वर आहे की खाली’ विचारलं, की बहुधा उलगडा होतो.

एमएसमध्ये पायांमधलं अंतर, पावलांचा अनियमितपणा, आणि मान वळवल्यावर रेषा सुटते का हे बघा. डायनॅमिक गेट इंडेक्स आणि त्याचं सुधारलेलं रूप फंक्शनल गेट असेसमेंट, अनुक्रमे २४ आणि ३० गुणांच्या या चाचण्या नेमकं हेच करून घेतात: चालता चालता वेग बदला, डावी-उजवीकडे बघा, गर्रकन वळा, जिना चढा.

बोलत चाला

खरं चालणं रिकाम्या कॉरिडॉरमध्ये होत नाही. टीयूजी आधी नुसती घ्या, मग १०० मधून तीन-तीन वजा करत घ्या. १४ सेकंदांचे १९ झाले तर पाच भागिले चौदा, म्हणजे जवळपास ३६ टक्के किंमत. वजाबाकीकडेही कान द्यावा, कारण काही जण वेग टिकवतात पण मोजणं सोडून देतात. तीही किंमतच. ज्यांना बोलायला त्रास होतो, स्ट्रोकनंतर असे अनेक असतात, त्यांच्यासाठी पाण्याचा पेला किंवा ट्रे हातात देऊन चालवावं. भाषेची अडचण तोलाच्या खात्यात लिहिली जाता कामा नये.

जे चाचणीत दिसत नाही

‘पडलात का?’ असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. खुर्चीवर आदळणं, भिंतीला लागून वाचणं हे त्यांच्या हिशेबी पडणं नसतं. विचारावं असं: गेल्या सहा महिन्यांत कधी नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन पोचलात का? पडता पडता वाचलात का? कुठे, किती वाजता, हातात काय होतं, वळत होतात का? घरच्यांनाही वेगळं विचारावं. कॅलेंडरवर पडल्याच्या दिवशी खूण करायला सांगितली तर आठवणीवर विसंबावं लागत नाही.

स्वतःच्या तोलाबद्दलचा विश्वास मोजायला एबीसी स्केलचे १६ प्रश्न आहेत, शून्य ते १०० टक्के अशी उत्तरं. एमएससाठी चालण्याबद्दलचे १२ प्रश्न असलेली एमएसडब्ल्यूएस-१२ आहे. बर्गमध्ये गुण चांगले पण विश्वास ४० टक्के, असा माणूस बाहेर पडणं टाळतो आणि हळूहळू खरोखर अशक्त होतो. उलट, मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेल्या काही जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ते स्वतःला ९० टक्के देतात आणि दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतात. अशांच्या उत्तरांपेक्षा चौकटीवरचे ओरखडे जास्त खरं सांगतात.

परत मोजताना

टीयूजीसाठी बसायची उंची साधारण ४६ सेंटीमीटर असलेली, हात टेकायची खुर्ची वापरतात. पाठ टेकलेली असावी, एक सरावाची फेरी द्यावी, वळायचं कोणत्या बाजूने ते लिहावं. पुढच्या वेळी चार सेंटीमीटर ठेंगणी खुर्ची मिळाली तर उठायला जास्त जोर लागतो, आणि दोन-तीन सेकंदांचा फरक खुर्चीचा असू शकतो. जुन्या स्ट्रोकमध्ये टीयूजीतला जवळपास तीन सेकंदांपर्यंतचा चढउतार मोजण्यातलाच धरावा लागतो. बर्गमध्येही एक-दोन गुणांवरून आनंद किंवा काळजी करू नये. साधारण पाच-सात गुण हलले तर बदल खरा मानायला जागा आहे.

एवढ्या चाचण्या एकाच माणसाला एकाच दिवशी लावायच्या नसतात. अमेरिकेतल्या ॲकॅडमी ऑफ न्यूरोलॉजिक फिजिकल थेरपीने २०१८ मध्ये सहाचा गाभा सुचवला: बर्ग, फंक्शनल गेट असेसमेंट, एबीसी, दहा मीटर, सहा मिनिटं, आणि पाच वेळा बसून उठणं. त्यातूनही निवड प्रश्नानुसार करावी. घरी सोडायचं का हा प्रश्न असेल तर बर्ग आणि दहा मीटर. एमएसमध्ये कामावर जाणं जमतं का हा असेल तर मिनिटवार सहा मिनिटं आणि बोलत टीयूजी.

नोंद अशी असली तर तीन महिन्यांनी दुसऱ्यालाही कळते: ‘दहा मीटर, नेहमीची चाल, मधले सहा मीटर १३.२, १२.८, १३.० सेकंद, वेग ०.४६, उजव्या हातात चार पायांची काठी, डाव्या पायाला एएफओ, बूट, एक जण जवळ, स्पर्श नाही, सकाळी दहा, गोळीनंतर दोन तास, खोली थंड.’ पुढच्या वेळी याच माणसाची वेळ १४.५ सेकंद आली, पण हातात साधी एकपायी काठी आणि पायात पट्टा नसेल, तर वेग घटलेला असूनही तो मागे गेलेला नाही. त्याच दिवशी जुनी काठी आणि पट्टा देऊन आणखी एक फेरी घ्यावी, म्हणजे तुलनेला सारखा आकडा हाती येतो.